फ्रान्समधील धनशोधनविरोधी कायदा आणि राजकीय पदाधिकारी

लोकशाही राज्यामध्ये सर्व नागरिक कायद्यापुढे समान असतात, हे तत्त्व फ्रान्सने १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात जगापुढे मांडले. त्याच फ्रान्समध्ये आज असा एक कायदा अमलात आहे की, ज्यान्वये एखादा संसदसदस्य, एखादा राजदूत किंवा सर्वोच्च न्यायालयाचा एखादा न्यायाधीश बँकेत साधे खाते उघडावयास गेला असता त्याची चौकशी इतर नागरिकांहून अधिक कसोशीने केली जाते. ही चौकशी त्याच्यापुरतीच मर्यादित राहत नाही. ती त्याच्या पत्नीस, मुलांस, सुनांस व जावयांस, मातापित्यांस आणि निकटच्या व्यवसायबंधूंसही लागू होते. त्यांपैकी कोणावरही कसलाही आरोप झालेला असण्याची आवश्यकता नसते. पद आहे एवढे कारण पुरेसे होते. समतेच्या तत्त्वाला घातलेली ही मुरड कशी उत्पन्न झाली, तिची व्याप्ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत कशी वाढत गेली, आणि ती कितपत समर्थनीय आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

संज्ञा व तिचा उगम

‘मनी लाँडरिंग’ म्हणजे गुन्ह्यातून मिळालेल्या पैशाचे मूळ लपवून तो सचोटीने मिळविलेला आहे असे भासविणे. या व्यवहारास येथे ‘धनशोधन’ असे म्हटले आहे. या क्षेत्रातील फ्रेंच कायद्यात एक विशिष्ट संज्ञा वारंवार येते : ‘पर्सॉन पोलितिकमाँ एक्स्पोझे’. तिचा शब्दशः अर्थ ‘राजकीयदृष्ट्या उघड्यावर असलेली व्यक्ती’ असा होईल. उघड्यावरील वस्तूला जसा ऊनपावसाचा मारा सोसावा लागतो, तसा सत्तेच्या पदावरील मनुष्याला लाचलुचपतीच्या व अपहाराच्या मोहाचा मारा सोसावा लागतो, अशी त्यामागील कल्पना आहे. मराठीत या अर्थाचा रूढ शब्द नसल्यामुळे पुढील विवेचनात ‘पदसंबद्ध व्यक्ती’ हा शब्द योजिला आहे. ही संज्ञा दोषदर्शक नसून स्थितिदर्शक आहे, हे आरंभीच लक्षात ठेवणे अगत्याचे होय.

या कल्पनेचा जन्म फ्रान्समध्ये झाला नाही. फिलिपाईन्सचे फर्डिनंड मार्कोस यांची सत्ता १९८६ मध्ये गेली आणि नायजेरियाचे लष्करी सत्ताधीश सानी अबाचा यांचा १९९८ मध्ये मृत्यू झाला. या दोन्ही प्रसंगांनंतर त्यांच्या राष्ट्रांच्या तिजोरीतून गेलेला प्रचंड पैसा युरोपातील, विशेषतः स्वित्झर्लंडमधील, बँकांत आढळून आला. हा पैसा चोरट्या मार्गाने सीमा ओलांडून आला नव्हता. प्रतिष्ठित बँकांनी तो प्रतिष्ठित ग्राहकांकडून रीतसर स्वीकारला होता. ग्राहकाचे पद हीच जणू त्याच्या सचोटीची हमी मानली गेली होती. या अनुभवाने ते गृहीतक उलटे केले. उच्च पद हे विश्वासाचे कारण न राहता अधिक सावधगिरीचे कारण ठरले.

जी-७ राष्ट्रांच्या जुलै १९८९ मधील पॅरिस येथील परिषदेत ‘वित्तीय कृतिदल’ या आंतरराष्ट्रीय मंडळाची स्थापना झाली. १९९० मध्ये या मंडळाने चाळीस शिफारशी प्रसिद्ध केल्या. परंतु त्या मुख्यतः अमली पदार्थांच्या व्यापारातील पैशाविषयी होत्या. पदसंबद्ध व्यक्तींचा उल्लेख २००३ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत प्रथम आला, आणि तोही केवळ परदेशी पदाधिकाऱ्यांपुरता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भ्रष्टाचारविरोधी करार स्वीकारला व त्याच्या ५२ व्या अनुच्छेदात अशा व्यक्तींच्या खात्यांवर विशेष लक्ष ठेवण्याचे तत्त्व अंतर्भूत केले. २०१२ मध्ये कृतिदलाने शिफारशींची पुनर्रचना केली. बाराव्या शिफारशीने स्वदेशी पदाधिकारी व आंतरराष्ट्रीय संघटनांचे अधिकारी यांनाही या कक्षेत आणले. तथापि एक भेद कायम राखला. परदेशी पदाधिकाऱ्याच्या बाबतीत विशेष दक्षता नेहमीच घ्यावयाची. स्वदेशी पदाधिकाऱ्याच्या बाबतीत मात्र धोका अधिक असल्याचे दिसून आल्यासच. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

फ्रेंच कायद्याची रचना

फ्रेंच नियमांचे स्वरूप समजण्यासाठी तेथील कायद्याच्या घडणीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. धनशोधनविषयक सर्व नियम ‘चलन व वित्त संहिता’ या एकाच संहितेत ग्रथित केलेले आहेत. ज्या कलमांच्या आरंभी ‘एल’ हे अक्षर असते ती विधिमंडळाच्या अधिकारातील होत. ज्यांच्या आरंभी ‘आर’ असते ती शासनाने कौन्सिल ऑफ स्टेटचा सल्ला घेऊन केलेल्या नियमांची होत. पदसंबद्ध व्यक्तींविषयीचे तत्त्व एल. ५६१-१० या कलमात आहे. त्या व्यक्ती कोणत्या याची सूची आर. ५६१-१८ मध्ये आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या क्षेत्रातील बहुतेक बदल ‘ऑर्दोनान्स’ या मार्गाने झाले आहेत. या शब्दाचे ‘अध्यादेश’ असे भाषांतर केल्यास भारतीय वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. भारतात अध्यादेश संसदेच्या विरामकाळात निघतो व संसदेने स्वीकारला नाही तर लयास जातो. फ्रान्समध्ये, राज्यघटनेच्या ३८ व्या अनुच्छेदानुसार, संसद शासनाला विशिष्ट विषयावर विशिष्ट मुदतीत कायदा करण्याची आगाऊ अनुज्ञा देते. युरोपीय संघाचे निर्देश राष्ट्रीय कायद्यात उतरविण्यासाठी या मार्गाचा सर्रास अवलंब केला जातो. परिणामी, संसदसदस्यांच्याच खाजगी जीवनाला स्पर्श करणारे हे नियम बव्हंशी संसदेतील सविस्तर चर्चेवाचून अमलात आले. पुढे या नियमांविरुद्ध संसदेतून जी नाराजी व्यक्त झाली, तिचा उलगडा करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

पहिला टप्पा : परकीय पदाधिकारी

फ्रान्सने धनशोधनविरोधी पहिला व्यापक कायदा १२ जुलै १९९० रोजी केला. बँकांनी संशयास्पद व्यवहारांची माहिती शासनाला द्यावी, असे त्यात ठरले. ती स्वीकारण्यासाठी अर्थमंत्रालयाच्या अधीन ‘ट्रॅकफिन’ ही यंत्रणा त्याच वर्षी उभी राहिली. या कायद्यात ग्राहकाच्या राजकीय पदाचा विचार नव्हता.

तो विचार युरोपीय संघाच्या २००५ च्या तिसऱ्या निर्देशाने आणला. २००६ च्या पूरक निर्देशाने पदांची व्याख्या दिली. मध्यम व कनिष्ठ अधिकारी वगळले, आणि पद सोडल्यावर एक वर्षाने ही विशेष वागणूक थांबविण्यास मुभा दिली. फ्रान्सने हा निर्देश ३० जानेवारी २००९ च्या ऑर्दोनान्सने आणि २ सप्टेंबर २००९ च्या शासकीय आदेशाने आपल्या संहितेत उतरविला. या नियमांचे सर्वांत लक्षणीय अंग म्हणजे निवासाची अट. जी व्यक्ती दुसऱ्या देशात राहते व तेथे उच्च पद धारण करते, तीच पदसंबद्ध मानावयाची. म्हणजे गॅबनचा मंत्री किंवा जर्मनीचा संसदसदस्य पॅरिसच्या बँकेत आला, तर त्याची विशेष चौकशी होई. परंतु खुद्द फ्रान्सचा मंत्री त्याच बँकेत आला, तर तो सामान्य ग्राहक ठरे. भ्रष्टाचार हा परक्यांचा दुर्गुण आहे, अशी काहीशी आत्मसंतुष्ट भूमिका या रचनेच्या मुळाशी होती.

परदेशी पदाधिकाऱ्यांच्या बाबतीत ही दक्षता का हवी, याचे प्रत्यंतर मात्र फ्रान्सला आपल्याच राजधानीत मिळाले. ‘गैरमार्गाने मिळविलेली मालमत्ता’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रकरणांत दोन स्वयंसेवी संस्थांनी आफ्रिकेतील काही सत्ताधारी कुटुंबांच्या फ्रान्समधील मालमत्तेविरुद्ध तक्रार केली. अशा संस्थांना फिर्याद करण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च अपील न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी संस्थांच्या बाजूने सोडविला. त्यांपैकी विषुववृत्तीय गिनीच्या राष्ट्राध्यक्षांचे पुत्र व त्या देशाचे उपराष्ट्राध्यक्ष तेओदोरिन ओबियांग यांना पॅरिसच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दोषी ठरविले. अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये तीन वर्षांची स्थगित शिक्षा व ३ कोटी युरोंचा दंड ठोठावला, आणि जुलै २०२१ मध्ये हा निकाल अंतिम झाला. पॅरिसमधील आव्हेन्यू फॉश येथील त्यांचा प्रासाद जप्त झाला. अशा रीतीने जप्त झालेल्या मालमत्तेचे मूल्य संबंधित देशाच्या जनतेच्या हितासाठी परत देण्याची तरतूद फ्रान्सने ४ ऑगस्ट २०२१ च्या कायद्याने केली. एखाद्या दरिद्री राष्ट्राच्या दवाखान्यांसाठी व शाळांसाठी असलेला पैसा परदेशातील प्रासादांत व मोटारगाड्यांत कसा रूपांतरित होतो, हे या खटल्याने स्पष्ट केले. बँक, नोटरी वा घरांचा दलाल यांनी पहिल्याच दिवशी “हा पैसा कोठून आला?” असा प्रश्न विचारणे हाच या रूपांतरावरील खरा प्रतिबंध आहे.

दुसरा टप्पा : स्वकीयांचा समावेश

स्वकीय पदाधिकाऱ्यांविषयीच्या विश्वासाला २०१२-१३ मध्ये जबर धक्का बसला. करचुकवेगिरीविरुद्धची मोहीम ज्यांच्या खात्याकडे होती, ते अर्थसंकल्पमंत्री जेरोम काहुझाक यांचे परदेशात गुप्त खाते असल्याचा वृत्तान्त डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी संसदेत त्याचा इन्कार केला, मार्च २०१३ मध्ये पदत्याग केला आणि २ एप्रिल २०१३ रोजी आरोप मान्य केला. या प्रकरणाचे परिणाम दूरगामी झाले. ११ ऑक्टोबर २०१३ च्या कायद्यांनी ‘सार्वजनिक जीवनातील पारदर्शकतेसाठी उच्च प्राधिकरण’ स्थापन केले व मंत्री आणि संसदसदस्य यांना मालमत्तेची व हितसंबंधांची घोषणा करणे बंधनकारक झाले. ६ डिसेंबर २०१३ च्या कायद्याने आर्थिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अभियोक्ता निर्माण झाला.

तथापि धनशोधनविरोधी नियमांत स्वदेशी पदाधिकाऱ्यांचा समावेश या प्रकरणामुळे झाला असे म्हणणे चुकीचे होईल. त्याचे प्रत्यक्ष कारण म्हणजे युरोपीय संघाचा २० मे २०१५ चा चौथा निर्देश. या निर्देशाने निवासाची अट काढून टाकली. आणि कृतिदलाने स्वदेशी व परदेशी यांच्यात राखलेला भेदही स्वीकारला नाही. फ्रान्सने १ डिसेंबर २०१६ च्या ऑर्दोनान्सने व एप्रिल २०१८ च्या शासकीय आदेशाने हा बदल आपल्या संहितेत उतरविला. राष्ट्रीय सभेचे ५७७ व सिनेटचे ३४८ सदस्य, मंत्री, उच्च न्यायपीठांचे सदस्य आणि त्यांची कुटुंबे आपल्याच देशातील बँकांच्या दृष्टीने एकाएकी विशेष दक्षतेचा विषय बनली.

सूची व कर्तव्ये

आर. ५६१-१८ या कलमातील सूचीत नऊ वर्ग आहेत. राज्यप्रमुख, शासनप्रमुख, राष्ट्रीय शासनाचे वा युरोपीय आयोगाचे सदस्य; राष्ट्रीय संसदेचे वा युरोपीय संसदेचे सदस्य व राजकीय पक्षांच्या नियामक मंडळाचे सदस्य; ज्यांच्या निर्णयावर सहसा अपील चालत नाही अशा न्यायालयांचे सदस्य; लेखापरीक्षा न्यायालयाचे सदस्य; मध्यवर्ती बँकेचे संचालक; राजदूत व प्रभारी राजदूत; सैन्याचे आधिपत्य करणारे वरिष्ठ अधिकारी; सार्वजनिक उद्योगांच्या संचालक मंडळांचे सदस्य; आणि तहाने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनांचे संचालक, असे ते वर्ग होत. पद धारण करीत असताना व पद सोडल्यावर एक वर्षापर्यंत ही स्थिती टिकते. एक वर्षानंतरही धोका शिल्लक असल्याचे दिसल्यास बँकेला सामान्य नियमांखाली दक्षता चालू ठेवता येते. परंतु ती मग पदामुळे नव्हे, तर प्रत्यक्ष परिस्थितीमुळे.

कुटुंबीयांत पती वा पत्नी, सर्वज्ञात सहजीवनातील जोडीदार, नोंदणीकृत सहजीवन कराराचा भागीदार, मुले व त्यांचे जोडीदार आणि मातापिता यांचा समावेश होतो. निकटच्या सहकाऱ्यांत तीन प्रकार येतात : पदाधिकाऱ्याबरोबर एखाद्या संस्थेचा संयुक्त खरा मालक असलेला, त्याच्याच लाभासाठी स्थापन झालेल्या संस्थेचा नाममात्र एकटा मालक असलेला, आणि त्याच्याशी निकटचे व्यावसायिक संबंध असलेला. दुसरा प्रकार विशेष अर्थपूर्ण आहे. बेनामी व्यवहाराशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला त्याचे स्पष्टीकरण नको. सत्ताधीश स्वतःच्या नावाने क्वचितच काही ठेवतो, हे जाणूनच ही तरतूद केली आहे.

अशा ग्राहकाच्या बाबतीत चार कर्तव्ये सांगितली आहेत. पहिले, ग्राहक पदसंबद्ध आहे किंवा नाही हे ओळखण्याची पद्धत संस्थेने निश्चित करावी. दुसरे, अशा ग्राहकाशी संबंध जोडण्याचा निर्णय कारकुनाने न घेता संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या सदस्याने वा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने घ्यावा. तिसरे, ग्राहकाच्या एकंदर संपत्तीचे व विशिष्ट व्यवहारातील पैशाचे मूळ शोधावे. चौथे, संबंध चालू असेपर्यंत अधिक बारकाईने देखरेख ठेवावी. ही कर्तव्ये केवळ बँकांवर नाहीत. विमा कंपन्या, नोटरी, काही व्यवहारांपुरते वकील, हिशेबतपासनीस, घरांचे दलाल, जुगारगृहे, कलावस्तूंचे व्यापारी यांवरही ती आहेत. १२ फेब्रुवारी २०२० च्या ऑर्दोनान्सने, पाचव्या निर्देशास अनुसरून, ही यादी आणखी वाढविली. उदाहरणार्थ, ज्या घराचे मासिक भाडे १० हजार युरो वा त्याहून अधिक आहे, त्याच्या भाड्याचा व्यवहार जुळविणारा दलालही तीत आला.

व्यवहारातील अडचणी

नियम करणे सोपे, परंतु तो पाळावयाचा कसा? सूचीत पदे आहेत, नावे नाहीत. पदसंबद्ध व्यक्तींची अधिकृत नामावली फ्रान्सने प्रसिद्ध केलेली नाही. त्यामुळे बँकेला ग्राहकाच्या निवेदनावर व खाजगी कंपन्यांनी संकलित केलेल्या माहितीसंग्रहांवर विसंबावे लागते. पद कोणते धरावयाचे याविषयीही संदिग्धता होती. ‘सार्वजनिक उद्योग’ म्हणजे नेमके कोणते? ‘उच्च न्यायपीठ’ म्हणजे कोणते? पाचव्या निर्देशाने प्रत्येक सदस्यराष्ट्राला आपल्याकडील पदांची नेमकी यादी करण्यास सांगितले. फ्रान्सने तशी यादी १७ मार्च २०२३ च्या मंत्रालयीन आदेशाने प्रसिद्ध केली, आणि सर्व राष्ट्रांच्या याद्यांचे एकत्रीकरण युरोपीय संघाने १० नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या राजपत्रात केले. यामुळे पदांविषयीचा संशय बराच कमी झाला. कुटुंबीयांविषयीचा संशय मात्र राहिला. सून, जावई वा व्यवसायबंधू यांची यादी कोणत्याही राजपत्रात छापली जात नाही, आणि तशी छापणे इष्टही नव्हे.

याहून गंभीर अडचण निराळ्या स्वरूपाची आहे. दक्षतेला खर्च येतो, आणि चूक झाल्यास पर्यवेक्षक प्राधिकरणाच्या शिक्षेची भीती असते. मोठ्या ठेवींचा ग्राहक असेल तर बँक हा खर्च सोसते. परंतु एखाद्या संसदसदस्याची महाविद्यालयात शिकणारी मुलगी लहानसे खाते उघडावयास आली, तर तिच्यासाठी वरिष्ठांची संमती, मिळकतीचे पुरावे व सततची देखरेख हा खटाटोप करण्यापेक्षा नकार देणे बँकेला सोयीचे वाटते. म्हणजे जो नियम धनाढ्य अपहारकर्त्याला रोखण्यासाठी केला, त्याचा जाच त्यालाच कमी व निरुपद्रवी माणसाला अधिक होण्याचा संभव असतो. ही विपरीत परिणती कायदेकर्त्यांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. चौथ्या निर्देशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे की, हे नियम प्रतिबंधात्मक आहेत, दंडात्मक नव्हेत. त्यांमुळे कोणावर गुन्हेगारीचा कलंक लागत नाही. आणि केवळ पदसंबद्ध आहे म्हणून संबंध नाकारणे हे निर्देशाच्या शब्दाला व आशयाला विरुद्ध आहे. फ्रान्समध्ये खाते नाकारले गेलेल्या व्यक्तीस एल. ३१२-१ या कलमाखाली मध्यवर्ती बँकेकडे अर्ज करून आपणासाठी एखादी बँक नेमून घेता येते. परंतु या मार्गाने केवळ मूलभूत सेवा मिळतात; कर्ज वा विमा मिळत नाही. प्रस्तावनेतील सद्भावना व व्यवहारातील सोय यांच्या संघर्षात सोयीचाच जय होतो, असा अनुभव अन्यत्रही येतो.

तुलना : इंग्लंड व भारत

हीच अडचण इंग्लंडमध्ये उत्पन्न झाली तेव्हा तेथे निराळा मार्ग स्वीकारण्यात आला. १० जानेवारी २०२४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार स्वदेशी पदाधिकारी परदेशी पदाधिकाऱ्यापेक्षा कमी धोक्याचा आहे असे गृहीत धरून आरंभ करावयाचा, आणि अन्य धोका दिसला तरच दक्षता वाढवावयाची. पदसंबद्धता कायम ठेवून तिची मात्रा कमी करण्याचा हा प्रयत्न आहे. युरोपीय संघाचा सदस्य असल्याने फ्रान्सला असे स्वातंत्र्य नाही.

भारताची स्थिती तिसऱ्या प्रकारची आहे. धनशोधनविरोधी कायद्याखालील नियमांत मार्च २०२३ मध्ये पदसंबद्ध व्यक्तीची जी व्याख्या घालण्यात आली, ती परदेशाने उच्च सार्वजनिक पद सोपविलेल्या व्यक्तीपुरती आहे. म्हणजे भारतीय मंत्री भारतीय बँकेत या अर्थाने पदसंबद्ध ठरत नाही; फ्रान्सच्या २००९ मधील भूमिकेशी ही भूमिका मिळतीजुळती आहे. यातून एक चमत्कारिक परिणाम संभवतो. महाराष्ट्रातून निवडून आलेल्या लोकसभा सदस्याचा मुलगा मुंबईत खाते उघडतो, तेव्हा तो सामान्य ग्राहक असतो. तोच उच्च शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन खाते उघडतो, तेव्हा पित्याच्या पदामुळे विशेष चौकशीस पात्र होतो. परदेशी शिकावयास जाणाऱ्या अशा विद्यार्थ्याने या चौकशीचा अर्थ अपमान असा न घेता तिच्यामागील नियम ओळखावा, हेच श्रेयस्कर.

पुढील टप्पा : २०२७

युरोपीय संघाने ३१ मे २०२४ रोजी या विषयावर नवी कायदेमाला केली. तिच्यातील २०२४/१६२४ या क्रमांकाचा विनियम १० जुलै २०२७ पासून लागू होणार आहे. निर्देश राष्ट्रीय कायद्यात उतरवावा लागतो. विनियम मात्र थेट लागू होतो. यास्तव पदसंबद्ध व्यक्तींविषयीच्या फ्रेंच नियमांचा गाभा त्या दिवसापासून पॅरिसमधील संहितेत नव्हे, तर युरोपीय विनियमात असेल. या व्यवस्थेवर देखरेख करणारे नवे युरोपीय प्राधिकरण जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे असून त्याने १ जुलै २०२५ रोजी कार्यास आरंभ केला.

आशयाच्या दृष्टीने दोन बदल ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला, किमान ५० हजार लोकसंख्या असलेल्या प्रादेशिक व स्थानिक संस्थांचे प्रमुख आता पदसंबद्ध ठरतील. फ्रान्सच्या आजवरच्या सूचीत नगराध्यक्षाला स्थान नव्हते. देशातील सुमारे ३५ हजार कम्यूनांपैकी बहुतेक अगदी लहान असल्याने त्यांचे नगराध्यक्ष या मर्यादेबाहेरच राहतील. परंतु मोठ्या नगरांचे अध्यक्ष, कम्यूनांच्या मोठ्या संघांचे अध्यक्ष, प्रदेशांचे अध्यक्ष व जिल्हा परिषदांशी तुलना करता येईल अशा ‘देपार्तमाँ’ मंडळांचे अध्यक्ष हे सर्व तीत येतील. मुख्य भूमीवरील सर्वांत कमी वस्तीच्या लोझेर या विभागाची लोकसंख्याही सुमारे पाऊण लाख आहे. या बदलामागील तर्क नाकारता येत नाही. जमिनीच्या वापराची अनुज्ञा व बांधकामाचे ठेके स्थानिक पातळीवर दिले जातात, आणि मोहाचे प्रसंग राजदूतापेक्षा महानगराच्या अध्यक्षावर अधिक येतात, हे कोणीही मान्य करील.

दुसरा बदल असा की, राज्यप्रमुख, शासनप्रमुख, मंत्री व त्यांच्या तोडीची पदे धारण करणाऱ्यांचे बंधुभगिनीही कुटुंबीयांत गणले जातील. आजवर ते फ्रेंच सूचीबाहेर होते. सत्ताधीशाचा पैसा भावाच्या नावावर ठेवणे हा जुनाच मार्ग असल्याने ही पोकळी भरून काढणे क्रमप्राप्त होते. पद सोडल्यानंतर किमान बारा महिने दक्षता ठेवण्याचा नियम मात्र कायम आहे.

उपसंहार

या इतिहासावरून एक दिशा स्पष्ट दिसते. १९९० मध्ये कायद्याची दृष्टी अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यावर होती. २००९ मध्ये ती परदेशी सत्ताधीशावर गेली. २०१६ मध्ये ती स्वदेशी संसदसदस्यावर आली, आणि २०२७ मध्ये ती महानगराच्या अध्यक्षावर स्थिर होईल. वर्तुळ प्रत्येक वेळी घराच्या अधिक जवळ येत गेले. याचा अर्थ फ्रान्समधील सार्वजनिक जीवन अधिकाधिक भ्रष्ट होत गेले असा नव्हे; पदाच्या प्रतिष्ठेपोटी प्रश्न न विचारण्याची प्रथा मोडत गेली, एवढाच त्याचा अर्थ.

समतेच्या तत्त्वाला यामुळे बाध येतो काय? सकृद्दर्शनी येतो असे वाटते. परंतु समता म्हणजे असमान स्थितीतील व्यक्तींना एकसारखे वागविणे नव्हे. सार्वजनिक धनावर ज्याची सत्ता चालते, त्याने त्या सत्तेबरोबर अधिक चौकशीही स्वीकारली आहे असे मानणे न्याय्य ठरते. जो पद घेतो, तो ते स्वेच्छेने घेतो. हा युक्तिवाद पदाधिकाऱ्यापुरता निर्विवाद आहे. त्याच्या मुलाबाळांपर्यंत व मातापित्यांपर्यंत तो तेवढाच समर्थपणे पोहोचतो असे मात्र म्हणता येत नाही. कारण त्यांनी काहीच स्वीकारलेले नसते. म्हणूनच या नियमांचे यशापयश अपहारकर्ते किती सापडले यावरच मोजून चालणार नाही. निरपराध कुटुंबीयास चौकशीनंतर खाते मिळाले की चौकशीऐवजी नकार मिळाला, हीही त्याची कसोटी होय. चौकशी करणे हे बँकेचे कर्तव्य आहे, आणि ती टाळण्यासाठी माणसालाच टाळणे ही त्या कर्तव्यातील कसूर आहे. नवा विनियम अमलात येण्यापूर्वी फ्रान्समधील पर्यवेक्षकांना हा भेद बँकांच्या गळी उतरविता आला, तर समतेची जन्मभूमी म्हणविणाऱ्या त्या देशात समता व सावधगिरी एकत्र नांदू शकतील.